पहिला नंबर कोणत्या शाळेचा?

जून जवळ आला की तालुक्याच्या गावी पालकांचा एकच प्रश्न असतो : झेडपीची कुठली शाळा चांगली? उत्तर चौकातल्या फ्लेक्सवर टांगलेलंच असतं. शिष्यवृत्तीत जिची पोरं जास्त लागली, ती चांगली. बाकीच्या वाया गेलेल्या.

हा हिशेब मला मान्य नाही. समजा, एका शाळेत वर्गात 40 मुलं आहेत. त्यातली निवडक 8 परीक्षेला बसवली, 4 यादीत आली. पलीकडच्या वाडीवर 6 मुलं. सगळी बसवली, एक लागलं. फ्लेक्सवर चार फोटो जिंकले. बसवलीच नाहीत त्या 32 मुलांना काय येतं, हे कोण सांगणार?

मग म्हणतात, पट बघा, पट खोटं बोलत नाही. बोलतो की! पट डांबरी रस्त्याने वाढतो, रिक्षाने वाढतो, 'सेमी' अशी पाटी लावली तरी वाढतो. बीड जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की वाडीवरच्या हजेरीपटावर नाव राहतं आणि मूल कुठल्या तरी कारखान्याच्या फडात असतं. त्यात कायद्याच्या निकषाने पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत शिक्षक दोन. म्हणजे एका वेळी दोन-तीन वर्ग आपापलं बघणार. एका गुरुजींना मतदारयाद्यांच्या कामाला धाडलं, की उरलेले सगळे वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. ही शाळा तालुक्याच्या शाळेशेजारी उभी करून नंबर लावायचे?

पण याच अडचणींची ढाल करून काही शिक्षक मंडळी म्हणतात, तुलनाच नको. हेही मला पटत नाही. ज्या बाईला पोर शाळेत घालायचं आहे, तिला तिथे काय शिकवतात ते कळलंच पाहिजे.

तुलना करावी, पण मुलाची त्याच्याच जूनमधल्या वाचनाशी. 2005 पासून 'असर' ही शिक्षणाची पाहणी घरोघर जाऊन वाचनच बघते : मुलाला अक्षर ओळखता येतं, शब्द वाचता येतो, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद वाचता येतो की दुसरीच्या पातळीची गोष्ट? पाहणीचे आकडे जिल्ह्याचे असतात, शाळेचे नव्हेत. पण ही रीत गावालाही वापरता येते, कागदही फार लागत नाही.

एका वस्तीशाळेच्या ओट्यावर मी तिसरीतल्या मुलीपुढे दुसरीचं पुस्तक ठेवलं. ओळीखालून बोट सरकवत ती वाचत गेली. 'गोष्ट'मधल्या 'ष्ट'पाशी अडली, मागे गेली, पुन्हा जुळवलं आणि माझ्याकडे न बघता पुढे निघाली. बाईंच्या वहीत जूनच्या रकान्यात तिच्या नावापुढे लिहिलं होतं : निम्मी अक्षरं. त्या शाळेचा फ्लेक्स आजवर लागलेला नाही. माझ्या लेखी त्या तालुक्यात पहिला नंबर तिचा.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, हे कायद्यातच आहे. बैठका मात्र खिचडीचा तांदूळ आणि भिंतींचा रंग यातच उरकतात. पुढच्या बैठकीला जाल तेव्हा मुख्याध्यापकांकडे तशी वही मागा. नसेल, तर येत्या जूनपासून घालायला लावा.