मुलाखतीचे तारण

बँकेतील अधिकारीपदाची लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या तरुणास मुलाखतीचे बोलावणे आले, म्हणजे सातारा-सांगलीकडील घरांत आनंदापेक्षा धास्तीचाच अंमल अधिक बसतो. आणि ती धास्ती अगदीच निराधार असते, असेही म्हणवत नाही. आयबीपीएसमार्फत होणाऱ्या प्रोबेशनरी अधिकाऱ्यांच्या निवडीत मुख्य लेखी परीक्षा व मुलाखत यांचे गुण 80 व 20 या प्रमाणात धरण्याचा प्रघात आहे. मुलाखतीचा वाटा त्यात थोडाच; परंतु जेथे पाव-अर्ध्या गुणाने उमेदवार यादीच्या आत किंवा बाहेर होतो, तेथे हा पाचवा हिस्साच कित्येकांच्या नशिबाचा निवाडा करतो. मग रेपो दर, रोख राखीव प्रमाण, अर्थसंकल्पातील तुटीचा आकडा यांची घोकंपट्टी सुरू होते, आणि ऐन वैशाखात टायची गाठ मारण्याचा सराव चालतो. टायविषयी माझे मत प्रतिकूल आहे. पण ते असो.

माझा आक्षेप आहे तो या तयारीच्या दिशेला. घोकलेल्या विद्येची झडती लेखी परीक्षेत घेऊन झालेली असते. समोरच्या वयस्क अधिकाऱ्यांस पाहावयाचे असते ते एवढेच की, परक्याचा पैसा ज्याच्या स्वाक्षरीने बाहेर जावयाचा, त्या माणसास पैशाची चाल कळते की नाही. म्हणूनच ते पुष्कळदा उमेदवाराच्या जिल्ह्यावर येतात. आणि आमचे जिल्हे या बाबतीत काय सामान्य आहेत? सांगली बँक 1916 सालची, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न 1936 सालची. या बँकांतल्या नोकरीच्या आधारावर आमच्याकडे एके काळी सोयरिकी जमत. युनायटेड वेस्टर्नचे भांडवल बुडीत कर्जांनी पोखरले गेल्यावर सप्टेंबर 2006 मध्ये तिच्या व्यवहारांवर स्थगिती आली आणि पुढच्याच महिन्यात ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. सांगली बँक 2007 साली आयसीआयसीआयमध्ये गेली. भांडवल पर्याप्तता म्हणजे काय, हे ज्यास पुस्तकातून समजत नाही, त्याने साताऱ्यातील एखाद्या जुन्या ठेवीदारास गाठून स्थगितीच्या दिवसांत त्याची झोप कशी उडाली होती, ते ऐकावे.

बँकिंगमधली सर्वांत तेजस्वी मुलाखत मात्र, माझ्या मते, नोकरीसाठी झालेलीच नाही. माण तालुक्यातील म्हसवड येथे स्त्रियांची सहकारी बँक काढण्याचा चेतना सिन्हा यांचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला, कारण प्रवर्तक स्त्रिया निरक्षर होत्या. त्या स्त्रियांनी काही महिने साक्षरतेचे धडे गिरवले आणि मग त्या स्वतःच रिझर्व्ह बँकेच्या दारी गेल्या. आम्हांला वाचता येत नसले तरी हिशेब येतो, कोणत्याही मुदलावरचे व्याज आम्हांस विचारा आणि आपल्या अधिकाऱ्यांसही यंत्राविना करावयास सांगा, अशा आशयाचे आव्हान त्यांनी तेथे दिले. आणि 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्यांच्यापाशी अस्खलित भाषा नव्हती, टाय तर नव्हताच. होता तो दुष्काळी मुलखात पै-पैचा मेळ घालून पक्का झालेला हिशेब.

मध्यंतरी वाळवा तालुक्यातील एक पदवीधर तरुण, ‘काका, माझी मुलाखत घेऊन बघा,’ म्हणून माझ्याकडे आला. एनपीएची व्याख्या त्याने एका दमात म्हणून दाखवली: व्याज अथवा मुद्दल 90 दिवसांहून अधिक थकले की खाते अनुत्पादक. मी विचारले, ‘तुझ्या वडिलांच्या आडसाली उसाच्या कर्जासही हाच नियम का?’ तो गप्प. वास्तविक अल्प मुदतीच्या पिकास दोन हंगाम आणि वर्षाहून लांब हंगामाच्या पिकास एक हंगाम, अशी सवलत शेतीकर्जास आहे, आणि पंधरा-अठरा महिने रानात उभ्या राहणाऱ्या आडसालीचा खातेदार 90 दिवसांच्या मापाने मोजला, तर निम्मे वाळवे थकबाकीत निघेल! जिल्हा मध्यवर्ती बँकेकडून विकास सोसायटीकडे, सोसायटीकडून सभासदाकडे, आणि ऊसबिलातून कारखान्याने केलेल्या कपातीच्या वाटेने पुन्हा माघारी, असा पैशाचा जो फेरा त्याच्या घरावरून जात होता, त्याची त्याला जाणीवच नव्हती. मार्चअखेर वडील ‘नवे-जुने’ करण्यासाठी हातउसने मागत फिरतात, एवढे त्याने पाहिले होते; जुने कर्ज वेळेत फिटल्याखेरीज व्याजसवलत मिळत नाही, म्हणून ही धावपळ, हे त्यास कोणी सांगितले नव्हते. (हेच नवे-जुने एखाद्या मोठ्या कारखानदाराचे बुडते खाते तरते दिसावे म्हणून बँकेनेच केले, तर रिझर्व्ह बँक डोळे वटारते. हा भेद ज्यास समजावून सांगता येईल, त्यास मी तरी पदरचे दोन गुण अधिक देईन.)

त्यास मी घोकंपट्टीची टिपणे मिटून ठेवण्यास, सातबाऱ्यावरचा बोजा वाचण्यास आणि गावच्या सोसायटीच्या सचिवाकडे आठ दिवस बसण्यास सांगितले. तो बसलाही. मुलाखतीची तारीख अद्याप यावयाची आहे. परंतु पोराचे अक्षर वळणदार आहे असे पाहून सचिवाने त्यास थकबाकीदारांच्या नोटिसा लिहिण्यास बसवले असून, पहिल्या गठ्ठ्यातच त्याच्या सख्ख्या चुलत्याचे नाव निघाल्याचे कळते.