रेडिओ घ्या, पण पाड्याचा घ्या



मागच्या बैठकीत एका पाड्याने विचारलं होतं, वर्गणी काढून रेडिओ घेतला तर चालेल का? त्यावर बरीच बोलाचाली झाली. कुणी म्हणालं, संघटनेचा पैसा कोर्टाच्या तारखेला लागतो, मोर्चाच्या भाड्याला पुरत नाही, मग गाणी ऐकायला कशाला उधळायचा? कुणी म्हणालं, घेऊ द्या, पोरांना तेवढीच करमणूक. रात्र झाली, माणसं उठली, ठराव काही झाला नाही. आम्हा धडगावकडच्या तरुण कार्यकर्त्यांचं यावर मत पक्कं आहे. ते कसं पक्कं झालं हे आधी सांगतो, कारण त्यात आमचीही चूक आहे.

आमच्या पाड्यात तेव्हा एकच रेडिओ होता. ज्याचा होता तो भाऊ रोज संध्याकाळी खाटेवर ठेवून एकटाच ऐकायचा. एका संध्याकाळी बातम्यांत जंगल जमिनीचं काहीतरी आलं. सेल उतरले होते, आवाज मधेच बसला. 'अतिक्रमण', '१९८०' आणि 'कायम' एवढे तीन शब्द त्याच्या कानात राहिले. सकाळपर्यंत पाड्यात झालं की १९८० पर्यंतची सगळी नेवाड नावावर होणार. बाजाराच्या दिवशी झालं की याद्या बनायला लागल्या, नाव घालायला पैसे पडतात. आणि चार दिवसांनी खांद्याला पिशवी लावलेला एक माणूस पाड्यात आला. त्याला खोटं बोलायची गरजच पडली नाही. तो एवढंच म्हणाला, "रेडिओवर ऐकलं ना तुम्ही?" आपलीच माणसं म्हणाली, "हो, ऐकलं."

घरामागे शंभर रुपये त्याने नेले. एका आजीने दोन शेळ्या विकल्या. पैसे गेले ते गेले, पण त्याने दंडाच्या पावत्याही नेल्या. नकला काढून परत आणतो म्हणाला. तो परत आला नाही.

पावती म्हणजे काय हे या पत्रकाच्या वाचकांना सांगायला नको. नाकेदाराने दंड केला, कोंबडी नेली, शिव्या दिल्या, आणि हातात एक कागद दिला. तेव्हा तो कागद आपल्याला गुन्ह्याचा वाटायचा. आज तोच आपला पुरावा आहे. त्या साली हा माणूस त्या जमिनीवर नांगर धरून होता हे सरकारच्याच सहीने त्यात लिहिलेलं आहे. त्या आजीची पावती १९७६ ची होती. पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत तिने ती इतकी वर्षं जपली होती. रेडिओच्या तीन शब्दांपायी ती गेली.

तेव्हा, म्हणजे २००६ च्या आधी, खरं काय होतं ते बघा. महाराष्ट्र सरकारचा जीआर २७ डिसेंबर १९७८ चा. त्यात ३१ मार्च १९७८ ही तारीख धरलेली आहे. त्या दिवशी जी जंगल जमीन कसणाऱ्याच्या ताब्यात होती, तिचाच विचार होणार होता. त्यानंतर २५ ऑक्टोबर १९८० पासून दिल्लीचा वन संवर्धन कायदा आला आणि दिल्लीला विचारल्याशिवाय राज्याला जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला देता येईना. मग १८ सप्टेंबर १९९० ला दिल्लीने परिपत्रकं काढली. त्यांत १९८० च्या आधीची अतिक्रमणं कायम करता येतील असं होतं, पण कुठे? जिथे त्या राज्याने कायद्याच्या आधीच तसा निर्णय घेऊन ठेवला असेल तिथे, आणि त्या निर्णयात बसतील तेवढीच. म्हणजे आपल्याकडे साहेब लोक तेव्हा १९७८ चीच तारीख मागणार होते. दोन तारखांमध्ये अडीच वर्षांहून जास्त अंतर आहे. त्या अडीच वर्षांत नांगर घातलेली माणसं आपल्या प्रत्येक पाड्यात आहेत. त्यांच्यासाठी लढाई वेगळी करावी लागणार होती. '१९८०' हा एक आकडा ऐकून ती जिंकली असं होत नव्हतं.

त्या संध्याकाळी रेडिओवर नक्की काय सांगितलं होतं? आज ते कुणालाच सांगता येत नाही, कारण कुणी लिहून घेतलं नाही. आम्ही बारावीपर्यंत शिकलेली पोरं त्याच पाड्यात होतो. घरात वही होती, पेन होता. आम्हीही लिहिलं नाही. रेडिओ दुसऱ्याचा, आपण कशाला जायचं, असं म्हणून बसलो.

यावरून काही साथी म्हणतात की बघा, रेडिओनेच घात केला, रेडिओ नकोच. आम्हाला हे पटत नाही. रेडिओ नसला तरी बातमी पाड्यात येतेच. ती बाजारातून येते, दारूच्या गुत्त्यावरून येते, सावकाराच्या ओट्यावरून येते. ज्याच्या तोंडून येते त्याच्या फायद्याची होऊन येते. पेपर आपल्याकडे उशिराने पोचतो, आणि पोचला तरी वाचणारे किती? मुंबईत बोललेलं त्याच घटकेला मंत्र्याच्या बंगल्यातही ऐकू येतं आणि आपल्या कुडाच्या घरातही, असं साधन तेव्हा आपल्याजवळ दुसरं नव्हतं. आमच्या पाड्यात चूक झाली ती एका माणसाचा रेडिओ, एका माणसाचे कान आणि उतरलेले सेल यांच्यामुळे. म्हणून आमचं म्हणणं आहे की रेडिओ घ्या, पण पाड्याचा घ्या, आणि ऐकायची शिस्त लावून घ्या. तीस घरांनी दहा-दहा रुपये काढले तर तीनशे होतात. तेव्हा त्यात साधा चांगला रेडिओ यायचा. कोर्टाच्या पैशाला हात लावायचं कारण नाही.

कोणता घ्यायचा? दुकानदार चकचकीत दाखवेल, टेप लावलेला दाखवेल. टेप नको, तो सेल खातो. दोन बँडचा घ्या, एक मीडियम वेव्ह आणि एक शॉर्ट वेव्ह. खिशात मावणारा पेन्सिल सेलचा रेडिओ दिसायला छान असतो, पण ते सेल लवकर संपतात आणि आवाज दोन माणसांपुरता निघतो. मोठे सेल, म्हणजे आपल्या बॅटरीत घालतो ते, बसतील असाच घ्या. तेच सेल रात्री बॅटरीलाही कामाला येतात आणि बाजारात कुठेही मिळतात. स्पीकर एवढा हवा की वीस माणसं अंगणात बसून ऐकतील.

घ्यायला भर दुपारी जा, संध्याकाळी जाऊ नका. रात्री मीडियम वेव्हची लांबलांबची स्टेशनं वाईट रेडिओवरही लागतात. दुपारी दूरचं स्टेशन लागलं तर रेडिओ खरा. दुकानात लावून बघा. काटा फिरवताना दोरी सरकते का, सेलच्या जागेतल्या स्प्रिंगा गंजल्या आहेत का, आवाजाचं बटण फिरवताना खरखरतं का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. पक्की पावती घ्या, आणि ती पाड्याच्या नावावर घ्या.

स्टेशन कुठे लागतं ते काट्याच्या तबकडीवरून समजून घ्या. तबकडीवर बहुतेक वेळा शेवटचं शून्य गाळलेलं असतं, म्हणजे १०० लिहिलं असेल तिथे १००० समजायचं. तेव्हा जळगाव ९६३ वर होतं, म्हणजे १०० च्या जरा अलीकडे. मुंबईचं मराठी ५५८ वर, अगदी टोकाला. अहमदाबाद ८४६ वर आणि इंदूर ६४८ वर. आपल्या सातपुड्यात गुजरात आणि मध्य प्रदेशची स्टेशनंही ऐकू यायची. आपली सोयरीक तिन्ही राज्यांत आहे, तर तिकडचंही अधूनमधून ऐकावं.

एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. आवाज नीट आला नाही की आपण लांब दांडी ओढतो. ती दांडी शॉर्ट वेव्हसाठी असते. मीडियम वेव्ह पकडणारी काळी कांडी रेडिओच्या पोटात आडवी बसवलेली असते. म्हणून दांडी ओढू नका, सगळा रेडिओच हळूहळू फिरवा. एका बाजूला तोंड केलं की आवाज उघडतो. पत्र्याच्या घरात आवाज दबतो, बाहेर अंगणात आणा. दरीतल्या पाड्यांनी थोडं टेकाडावर बसावं.

सेल जुने-नवे मिसळू नका, सगळे एकदम बदला. उतरलेले सेल उन्हात ठेवले तर थोडा वेळ चालतात, पण त्यांच्या भरवशावर बातम्यांना बसू नका. रेडिओ काही दिवस लावायचा नसेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर पाझरून आतलं सगळं खराब होतं. पावसाळ्यात रेडिओ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आढ्याला टांगा. चुलीजवळ नको.

आता ऐकायची शिस्त. आमच्या पाड्याने ठरवलेले नियम असे आहेत:

१. रेडिओ दर महिन्याला वेगळ्या घरी राहील. ज्या घरी जाऊन बसायला बायांना संकोच वाटतो त्या घरी ठेवायचा नाही.

२. सकाळी साडेआठच्या मराठी बातम्या आणि संध्याकाळी सातच्या मुंबईच्या बातम्या, या दोन वेळा नक्की. तेवढ्यासाठी सेल राखायचे. गाणी त्यानंतर, उरलं तर.

३. ऐकताना दोन जण वही घेऊन बसतील. जंगल, जमीन, धरण, मजुरी, रेशन यांबद्दल काही आलं तर तारीख, वेळ, स्टेशन आणि ऐकलेले शब्द जसेच्या तसे लिहायचे. नीट ऐकू आलं नाही तर 'ऐकू आलं नाही' असंच लिहायचं. मनाने भर घालायची नाही.

४. बातमी संपल्यावर ती पावरीत, भिलीत पुन्हा सांगायची. बातम्यांची मराठी म्हाताऱ्यांना, बायांना कळत नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्याला तरी 'नियमानुकूल' म्हणजे काय ते कुठे कळत होतं?

५. रेडिओवर ऐकलं म्हणून कुणालाही पैसा द्यायचा नाही, अंगठा द्यायचा नाही, अस्सल कागद द्यायचा नाही. रेडिओची बातमी म्हणजे जीआर नव्हे. वही घेऊन संघटनेच्या ऑफिसला यायचं. जीआर मागवू, वाचू, मग बोलू.

आणखी एक. आकाशवाणी १९९७ पर्यंत थेट सरकारच्या हाताखाली होती हे विसरू नका. मंत्री आदिवासींना काय देणार हे त्यावर यायचं, आदिवासी मोर्चात काय मागत होते ते यायचं नाही. आकाशवाणी आणि दूरदर्शन सरकारच्या हाताखालून काढायचा प्रसार भारती कायदा संसदेने १९९० साली केला, पण तो लागू व्हायला १९९७ साल उजाडलं. म्हणून तेव्हा शॉर्ट वेव्ह हवा म्हणायचो. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधी गेल्या, ते बीबीसीने दुपारीच सांगितलं, आकाशवाणीने संध्याकाळी. एवढी मोठी गोष्ट आपलंच सरकार आपल्याला तासन् तास सांगत नाही, तर आपल्या नेवाडीचं सगळं खरं तेच सांगेल असं कसं धरायचं? बीबीसी रेडिओवर २०२० पर्यंत हिंदीतही होती, आणि आपल्या पोरांना हिंदी समजतं. पण तेही देवाचं वचन नव्हतं. एकाच स्टेशनवर विसंबू नका, आणि आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं ऐकलेल्याच्या शेजारी ठेवा.

जे साथी करमणूक नको म्हणतात त्यांनाही एक सांगतो. दिवसभर रोहयोच्या खडीवर हात फोडून आलेल्या माणसाने दोन गाणी ऐकली तर संघटना बुडत नाही. बातम्यांना माणसं जमावीत असं वाटत असेल तर गाणंही लागू द्या. फक्त सेल कधी संपले हे भान ठेवा.

त्या आजीची पावती गेली ती गेलीच. आता तिच्या जमिनीसाठी दुसरा पुरावा शोधतोय. तिच्या बांधाला लागून असलेल्या दोघांच्या पावत्या आहेत, जुन्या पंचनाम्यात तिच्या नवऱ्याचं नाव आहे का तेही बघायचं आहे. ती मात्र आता रोज संध्याकाळी पहिली येऊन रेडिओजवळ बसते. तिला मराठी फारसं कळत नाही. बातम्या संपल्या की ती वहीवाल्याला विचारते, "आपलं काही बोलले का? लिहिलंस का?"

पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्याने दोन गोष्टी ठरवून यावं. रेडिओ घेणार का, आणि वही कोण धरणार. वही धरणारा मिळत नसेल तर रेडिओ घेऊ नका.

जिंदाबाद.