ग्रॅम काय विचारता?

कुणी रविवारी घराच्या मागच्या पडवीत मोटारसायकलचं इंजिन उघडून बसला, तर माझी मुळीच हरकत नाही. जो माणूस सकाळभर कार्ब्युरेटरशी बोलतो, तो शेजाऱ्यांशी भांडत नाही. माझं वैर आहे ते क्रँकशाफ्टला भोकं पाडणाऱ्यांशी.

"काका, फ्लायव्हील हलकं केलं. आता बघा कशी पळते!"

"किती ग्रॅम काढलंस?"

"ग्रॅम काय विचारता? अंदाजानं!"

अहो, मीठ अंदाजानं घातलेलं चालतं, कारण आमटी मिनिटाला साडेसात हजार फेरे मारत नाही. यामाहा आरएक्स 100 ची पूर्ण ताकद त्याच वेगाला मिळते. म्हणजे सेकंदाला 125 फेरे! तिचा स्ट्रोक 50 मिलिमीटर, तेव्हा क्रँकची पिन मध्यापासून 25 मिलिमीटरवर. तिथं एका ग्रॅमचा फरक पडला, तर त्या वेगाला तो दीड किलोच्या जोरानं ओढतो. सोनाराशी एका ग्रॅमसाठी तासभर हुज्जत घालणारी माणसं इथं एकदम कर्णाचे अवतार होतात.

शिवाय टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा पंपही असतो. भोकं पाडली की त्यातली रिकामी जागा वाढते आणि मिश्रण कमी दाबलं जातं. मग जाणते लोक तीच भोकं बुचं मारून बंद करतात. आधी भोक, मग बूच!

दुसरी जात 'थरथर पार घालवून देतो' म्हणणाऱ्यांची. छे हो! एका सिलिंडरच्या इंजिनात गोल फिरणारं वजन तोलता येतं. वर-खाली धावणारा पिस्टन नुसत्या फ्लायव्हीलच्या वजनानं पुरता तोलता येत नाही. समोरचं वजन वाढवलं की उभी थरथर आडवी होते. सरकारी बदलीसारखं. साहेब तोच, तालुका वेगळा.

तिसरे स्ट्रोक वाढवणारे. पिन 2 मिलिमीटर बाहेर सरकवायची, म्हणजे स्ट्रोक 54 आणि 98 सीसीचे झाले 106. आठ सीसी! खोकल्याच्या औषधाचे दीड चमचे. त्यापायी पिस्टन 2 मिलिमीटर वर चढतो आणि तेवढाच खाली उतरतो, बॅरलखाली तुकडा घालावा लागतो आणि सगळ्या पोर्टांचं वेळापत्रक कोलमडतं.

'मग बर्ट मनरोचं काय?' असं मला ऐकवतात. न्यूझीलंडमधल्या इन्व्हरकार्गिलच्या या गृहस्थानं 1920 सालच्या इंडियन स्काउटसाठी पिस्टन घरी ओतले, कनेक्टिंग रॉड कानशीनं घासून घडवले आणि 1967 साली, वयाच्या 68 व्या वर्षी, अमेरिकेत बोनव्हिलच्या खारपट मैदानावर हजार सीसीखालचा विक्रम केला. कबूल! पण त्यासाठी त्यानं चाळीस वर्षं घालवली. मोडलेले भाग फळीवर मांडून 'वेगाच्या देवाला नैवेद्य' अशी पाटीही लावली. आमचा वीर शनिवारी दुपारी क्रँक सोडवतो, रविवारी हातोडीनं ठोकून परत बसवतो आणि संध्याकाळी खंडाळ्याला निघतो.

ठोकण्यालाही माझी ना नाही. पण क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवा, डायल गेज लावा आणि फरक दोन-तीन शतांश मिलिमीटरवर येईपर्यंत तांब्याच्या हातोडीनं टिचक्या मारा. 'डोळ्यानं कळतं' म्हणे! या डोळ्यांना स्वयंपाकघरातलं मिठाचं भांडं सापडत नाही.

आरएक्स 100 बनायची 1996 साली थांबली. बिघडवलेली प्रत्येक क्रँक म्हणजे मूळच्या चांगल्यांतली एक कमी. तेही सोडा. घाटात इंजिन आवळलं की मागचं चाक जागच्या जागी अडकतं, आणि त्याच्यावरच्या सीटवर बहुतेक वेळा दुसऱ्याची मुलगी बसलेली असते. तिला कुणी ग्रॅम विचारलेले नसतात.