स्नायूंचा निवाडा

स्त्रीच्या देहावर सत्ता कोणाची, हा प्रश्न शरीरसौष्ठवाच्या व्यासपीठावरही सुटलेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या बेव्ह फ्रान्सिस या मूळच्या पॉवरलिफ्टिंगमधील जगज्जेत्या. १९८३ साली लास व्हेगासच्या स्पर्धेत त्या उतरल्या, तेव्हा सर्वाधिक कमावलेला देह त्यांचाच होता. तरीही त्यांना आठवा क्रमांक देण्यात आला. स्नायूंपेक्षा 'स्त्रीत्व' राखण्याची चिंता वरचढ ठरली. १९८५ च्या 'पंपिंग आयर्न टू : द विमेन' या चित्रपटात हा वाद नोंदला गेला आहे.

पुरुषाचे दंड पाहताना तो 'पुरेसा पुरुष' आहे काय, असे कोणी विचारीत नाही. विटांची पाटी वाहणाऱ्या मजूर स्त्रीच्या नाजूकपणाची आठवणही समाजाला होत नाही. तेच बळ स्त्रीने स्वतःसाठी कमावले, की मात्र सौंदर्याचे रखवालदार जागे होतात!

फ्रान्सिस खचल्या नाहीत. १९९० व १९९१ साली 'मिस ऑलिंपिया' स्पर्धेत त्या दुसऱ्या आल्या. ती स्पर्धाच २०१४ नंतर बंद पडली आणि २०२० मध्ये पुन्हा सुरू झाली. खेळ चालवायचा की गुंडाळायचा, हे ठरविणारे वेगळे आणि घाम गाळणाऱ्या वेगळ्या, ही विषमता संपल्याखेरीज न्याय होणार नाही.