हिंगोलीलाही फुटबॉलची साखळी हवी

कळमनुरी तालुक्यात मी क्रीडाशिक्षक आहे. फक्की मारून मैदान आखायचं, पोरांनी ऐन पावसाळ्यात काळ्या चिखलात सराव करायचा आणि पहिलाच सामना हरला की वर्षभराचा फुटबॉल संपला! शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. ज्याला सामन्यांची खरी गरज, तोच आधी घरी जातो.

साखळी पद्धत आपल्याकडे नवी नाही. मुंबईत फुटबॉलची हारवूड लीग १९०२ मध्ये सुरू झाली. कोल्हापूरचं उदाहरण मला अधिक जवळचं वाटतं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तिथल्या पेठांतल्या तालमींची नावं. कुस्तीच्या या घरांनीच फुटबॉल वाढवला. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) वरिष्ठ गटात १६ संघ शाहू स्टेडियमवर साखळी खेळतात. जिंकल्यास तीन गुण, बरोबरीला एक. आज हरलेला संघ पुढच्या सामन्यात चूक सुधारतो. खेळाडू घडतो तो असा.

आपला जिल्हा १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला. तालुके पाच. प्रत्येकी एक संघ धरला, तर अवघे दहा सामने होतात. सोयाबीन निघाल्यावर रविवारी ते सहज बसतील. क्रीडा कार्यालयानं फक्त वेळापत्रक आणि पंच द्यावेत. मैदान आखायला आम्ही शिक्षक तयार आहोत.