करणी कुणी केली?

आमच्या कोयनेच्या खोऱ्यात ‘करणी’ हा शब्द वाईट. म्हैस आटली, पोर तापाने फणफणले, की कुणीतरी करणी केली! ज्या संख्येचे वर्गमूळ पुरते निघत नाही, त्या वर्गमुळाला बीजगणितातही करणीच म्हणतात. आणि ही करणी मुलांवर करणारे आम्ही मास्तरच!

मी कोयनानगरात राहणारा, मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मराठीचा मास्तर. गणिताचे शिक्षक रजेवर होते, म्हणून एकदा नववीच्या वह्या तपासल्या. एका मुलीने लिहिले होते, √२ + √८ = √१०. मी लाल फुली मारली. “का, सर?” तिने विचारले. “नियमच तसा आहे!” मी म्हणालो. ती खाली बसली. पुन्हा माझ्यापुढे तिचा हात वर झाला नाही.

वाचकहो, फुलीऐवजी मी √९ + √१६ करायला सांगायला हवे होते. तीन आणि चार सात. √२५ मात्र पाच! तिची चूक तिलाच दिसली असती.

मग खरे उत्तर काय? दोन गुंठ्यांचे एक चौरस शेत घ्या, आठ गुंठ्यांचे दुसरे. दुसरे चौपट, म्हणून त्याची बाजू दुप्पट; म्हणजे √८ हे २√२. दोन्ही बाजू एका ओळीत धरल्या की ३√२. तिप्पट बाजूचे शेत नऊपट, अठरा गुंठ्यांचे. म्हणून उत्तर √१८. शेताच्या बाजू जोडणे निराळे, शेते मिळवणे निराळे. एवढे कोणत्या शेतकऱ्याच्या पोरीला कळणार नाही?

शुल्बसूत्रांत करणी म्हणजे चौरसाची बाजू मापणारी दोरी. सह्याद्रीच्या आश्रयाला राहिलेल्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘बीजगणित’ लिहिले. त्यात २ आणि ८ यांच्याच करणींची बेरीज विचारली आहे. पुढे ३ आणि ७ यांची. या दोन एकत्र होत नाहीत, शेजारी शेजारीच राहतात. पण ते शिष्याला धमकावत नाहीत; मित्र म्हणून हाक मारतात, पुष्कळ विचार करून सांगायला लावतात. आणि आम्ही? “पाठ कर!”

“अभ्यासक्रम संपायचा कसा?” असे मास्तर विचारतील. शेतांचा हिशेब पाच मिनिटांचा आहे. ती पाच मिनिटे वाचवून मी एका मुलीचा प्रश्न मारला!

जादूटोण्याविरुद्ध २०१३ साली कायदा झाला. वर्गातली करणी उतरवायला कायदा नाही, आईबापच हवेत. या दिवाळीत फराळाच्या ताटावर मुलांना गुण विचारू नका. “हे असे का?” एवढेच विचारा, आणि आम्हां मास्तरांनाही!