प्रणाली नवी, पाया मात्र जुना

भडगाव : मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचे नियमित मोफत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे संगणक भंगारात काढण्याऐवजी त्यांवर लिनक्स बसविण्याचा पर्याय भडगावसारख्या तालुक्याच्या गावातील शाळा, छायाचित्रकार व डीटीपी व्यावसायिकांपुढे साहजिकच येतो. खर्चाच्या दृष्टीने तो रास्तही आहे. मात्र प्रणाली नवी म्हणजे तिच्यावरील प्रत्येक प्रोग्रॅम नवा, हा समज धोक्याचा ठरू शकतो.

कोणताही प्रोग्रॅम सर्व कामे स्वतः करीत नाही. खिडकी रेखाटणे, चित्राची फाइल उघडणे ही कामे ‘लायब्ररी’ नावाच्या तयार संचांकडून करून घेतली जातात. चित्रसंपादनाच्या ‘जिंप’चे उदाहरण बोलके आहे. जीटीके ही लायब्ररी मुळात जिंपसाठीच जन्मास आली. तिची तिसरी आवृत्ती २०११ मध्ये आली, दुसरीची देखभाल २०२० अखेर संपली. तरीही नव्या पायावरील जिंप ३.० येण्यास मार्च २०२५ उजाडला. मोजक्या स्वयंसेवकांनी एवढी प्रचंड संहिता बदलायची, तर विलंब अटळच.

या विलंबाची किंमत कोणती? सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रे उघडणाऱ्या लायब्ररीत गंभीर दोष आढळला. मुद्दाम रचलेले चित्र उघडताच संगणकात घुसखोरी होण्याची शक्यता होती. सामायिक लायब्ररी वापरणाऱ्या प्रोग्रॅमना एकच दुरुस्ती पुरली. स्वतःची प्रत सोबत बाळगणाऱ्यांना मात्र प्रत्येकी वेगळी सुधारित आवृत्ती काढावी लागली. ज्यांचा निर्माता काम सोडून गेला, त्यांची दुरुस्ती कोण करणार? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? गिऱ्हाइकांचे फोटो दिवसभर उघडणाऱ्या दुकानदाराला हा प्रश्न थेट भिडतो.

अर्थात, जुना आकडा दिसला म्हणजे धोका आहेच, असेही नाही. डेबियनसारखे वितरण आवृत्ती न बदलता तिच्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या मिसळते. याउलट अ‍ॅपइमेजसारख्या पद्धतीत लायब्ररी प्रोग्रॅमसोबतच येतात. नवी फाइल आणेपर्यंत त्या तशाच राहतात.

म्हणून प्रोग्रॅम शक्यतो वितरणाच्या अधिकृत भांडारातून घ्यावा, वितरणाच्या पाठबळाची मुदत तपासावी आणि वर्षानुवर्षे सुधारणा नसलेला प्रोग्रॅम इंटरनेट नसलेल्या संगणकापुरताच ठेवावा. परवाना मोफत मिळाला, तरी देखभालीची जबाबदारी कोणाला तरी उचलावीच लागते.